तंबाखू मळून होईस्तोवर

गुलाबराव कंडक्टर गेल्याचं मला दारव्ह्याच्या स्टँडवर कळलं, तेही गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवलेला असताना. नवा कंडक्टर म्हणाला, "मास्तर, तुमचे गुलाबराव गेले ना मंगळवारी..." मी पाय खाली घेतला. ती गाडी सोडून दिली.

आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए.; हे सांगताना मला संकोच वाटत नाही. लहानपणीच्या तापात उजवा पाय वाळला, काखेत कुबडी आली. छप्पन्न साली आमच्या वस्तीनं धम्मदीक्षा घेतली तेव्हा बाप म्हणाला होता, "आता कोनापुढं वाकाचं नाही." वाकायची वेळ माझ्यावर आलीच नाही, लोक मला सरळ उचलूनच घेत. कॉलेजसाठी रोज यवतमाळला जायचो. गाडी लागली की दोन-चार अनोळखी हात बगलेत शिरायचे. "धरा रे बिचाऱ्याले!" मी ओरडायचो, "मले चढता येते!" "राहू दे बाबू, तेवढंच पुण्य लागते आमाले." त्यांच्या पुण्यापायी मी पोत्यासारखा आत पडायचो. एकदा, ऐन परीक्षेच्या सकाळी, मला आत टाकलं आणि कुबडी खालीच राहिली. गाडी हलली. मी बोंबललो तेव्हा गुलाबरावांनी घंटी ओढली, स्वतः उतरून कुबडी आणली आणि त्या मंडळींना म्हणाले, "माणूस चढवला अन् त्याचा पाय खालीच ठेवला काय रे?" सगळी गाडी हसली, मी सोडून.

पेपर दिला, पण कॉलेज सोडायचं असं ठरवूनच परतीच्या गाडीत बसलो. तसं गुलाबरावांना सांगूनही टाकलं. ते शेजारी टेकले. "मंग तुले पाहिजे तरी काय?" हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं... मी म्हणालो, "वेळ. बाकी काही नाही."

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पेपरासाठी स्टँडवर गेलो, तर ते गाडीच्या दाराशी उभे. पुढं आलेल्या हातांना म्हणाले, "मांगं सरा. मी तंबाखू मळून राह्यलो, तोवर गाडी हालत नाही." डबी उघडली, चुना लावला, तळव्यावर अंगठा फिरू लागला. मी दांडी धरली, चांगला पाय वर टाकला... घसरलो. गुलाबरावांनी वर पाहिलंही नाही. अंगठा फिरतच होता. दुसऱ्या खेपेला चढलो. बी.ए. होईपर्यंत तसाच चढत राहिलो.

परवा त्यांच्या घरी गेलो. कोनाड्यात तीच डबी. मी म्हणालो, "काकू, या तंबाखूवर मी बी.ए. झालो." काकू चकित झाल्या. "तंबाखू? जन्मात तोंडात नाही टाकली त्यायनं. डायवरले देत. पन डबी काहून घेतली, ते कधी सांगतलं नाही." मग मी त्यांना सगळं सांगितलं. "म्हनून घेतली होय ती डबी!" त्या म्हणाल्या.

निघालो. ओट्याला तीन उंच पायऱ्या. काकू हात देण्यासाठी पुढं झाल्या आणि थबकल्या. मागं वळून त्यांनी कोनाड्यातली डबी घेतली, ती मुठीत धरून दाराशी उभ्या राहिल्या.

"उतरा सावकाश," म्हणाल्या. "मले काई घाई नाही."