बांगड्यांवर रुमाल

नव्वदच्या दशकात आमच्या भागात बायकांना व्यायाम शिकवणारी मी एकटीच. कळमनुरीहून एसटीने डोंगरकड्याला जायचं, समाजमंदिरात वर्ग घ्यायचा, संध्याकाळच्या गाडीने परत. शिवाय आठवड्यातून एकदा रेडिओवर दहा मिनिटं. लुगड्यात, पदर खोचून करता येतील असेच प्रकार मी निवडले होते. तरी समाजमंदिराची चावी ठेवणाऱ्या म्हाताऱ्याला ते खुपायचं.

"बाई, आमच्या सुना काहून नाचवून राहिल्या तुमी? दिवसभर शेतात वाकतात, तेवढं पुरत न्हाई व्हय?"

"त्यानंच तर कंबर धरते, काका."

"आमच्या आईची कदी धरली न्हाई."

"तिनं तुम्हाला सांगितलं नसेल."

तेव्हापासून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. माझं काही अडलं नाही.

खरी अडचण रेडिओची. तो ओसरीत, सासऱ्याच्या उशाशी. सुना आत, भिंतीआडून ऐकत हात वर करायच्या. बांगड्या वाजल्या की सासरा रेडिओ बंद करायचा. बायकांनी वर्गात तक्रार केली, आणि पुढच्याच कार्यक्रमात मी उपाय सांगून टाकला: "बांगड्यांवर रुमाल बांधा, म्हणजे ओसरीत आवाज जाणार नाही."

ओसरीनेही ते ऐकलंच. चावीवाला म्हातारा उठून आत डोकावला, तर त्याच्या सुना मनगटांना फडकी गुंडाळत बसलेल्या. दुसऱ्या दिवशी समाजमंदिराला कुलूप. माझा उपाय बरोबरच होता. नको ते कान ऐकत होते.

मी वर्ग शाळेमागच्या झाडाखाली नेला. येता-जाता माणसं थांबून बघायची, मोठ्याने आकडे म्हणायची, खिदळायची. बायका गळत गेल्या. हे असंच चाललं असतं तर वर्ग संपला असता.

मग म्हाताऱ्याचा गुडघा धरला. डॉक्टरने व्यायाम सांगितला. थोरली सून निरोप घेऊन आली: "मामाजी म्हणतात, घरी येऊन दाखवता का?"

"आधी चावी, मग गुडघा. असंच सांग."

बरेच दिवस तो लंगडला. शेवटी चावी आली, सुनेच्याच हातून. मी समाजमंदिर उघडलं, वर्ग घेतला आणि मगच त्याच्या ओसरीत गेले. खुर्चीवर बसवून पाय सरळ उचलायला लावला.

"लई तकलीफ होऊन राहिली, बाई."

"होऊ द्या. चार."

मला दया आली नाही. आत सुना माझ्या आकड्यांवर हात वर करत होत्या. बांगड्या खणखणत होत्या. त्याने मान वळवली.

"इकडे बघा," मी म्हटलं. "पाच."