थोरल्या जावेची दुपार

लिबियाच्या वाळवंटातल्या आमच्या घदामेसमध्ये सरकारने सिमेंटची नवी घरं दिली, तेव्हा मसऊदाने धाकट्या जावेला, तब्राला, मागे सारून किल्ली मिळवली. तब्राच्या वाट्याला सासऱ्यांचं मातीचं घर आलं. "राहू दे तिला त्या बिळात," असं ही गावभर सांगत सुटली होती.

पहिल्याच उन्हाळ्यात सिमेंटच्या भिंती भट्टीसारख्या तापल्या. वीज सारखी जायची, त्यामुळे एसी नुसता शोभेला. मसऊदाचा नवरा बशीर दुपारची झोप काढायला भावाच्या घरी जाऊ लागला. तिथे हातभर जाड मातीची भिंत आणि वर खजुराच्या ओंडक्यांचं छत, ऊन आत शिरतंय कुठून? पण मसऊदाला हे सांगणार कोण? मी तब्राची शेजारीण, म्हणून ती मला म्हणाली, "तब्राने चोरून काहीतरी यंत्र बसवलंय. मी शोधून काढते."

आमच्या जुन्या गावात गल्ल्या पुरुषांच्या आणि गच्च्या बायकांच्या. भर दुपारी ही बाई माझ्या गच्चीवरून तब्राच्या गच्चीवर गेली, तीही अनवाणी, चपला वाजायला नकोत म्हणून. छतातल्या झरोक्यातून खाली डोकावताना ती एकेक पाय उचलून नाचत होती. मी मिरच्या पालटायच्या सोडून बघत बसले.

खालून तब्राचा आवाज आला, "पाय भाजतील, जाऊबाई. खाली या, चटई घातलीय."

गेली. संध्याकाळपर्यंत घोरत पडली. उठून चहा प्यायली, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जरा दमटच आहे गं तुझ्याकडे."