हवा वगळून

माझा दादा, परशुराम, मोहने गावच्या कारखान्यातला फिटर. शिक्षण दहावी, पण आकडा दिसला की पिच्छा सोडायचा नाही. त्याच्या मुलाने, ऋतुराजने, कॉलेजच्या पोरांबरोबर डब्याएवढा उपग्रह बनवला. तो वर गेला, आणि तीन महिन्यांत शीळफाट्याला बाइकच्या अपघातात ऋतुराज गेला.

तेव्हापासून दादा उपग्रह डोक्यावरून जायच्या वेळा काढायला लागला. कॉलेजची ती पानंच्या पानं गणितं कोण करणार? त्याने लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची चकती कापली. खाली नकाशा, वर प्लास्टिकवर आखलेली वाट. फेरी चौऱ्याण्णव मिनिटांची, दर फेरीला चकती साडेतेवीस अंश सरकवायची. बस्स! कॅलेंडरवर एकादशीशेजारी वेळ लिहायची. त्या वेळेला पंखा बंद, दार उघडं, कान उपग्रहाची खूण पकडणाऱ्या रेडिओला. टिक... टिक... "आला," म्हणायचा. माझ्या अंगावर काटा यायचा.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी मी नौपाड्याहून मुद्दाम गेले. "दादा, गुरुजींना सांगायचं ना?"

"अगं, फिरतोय की अजून. फिरणाऱ्याचं श्राद्ध घालतात का, नंदे?"

मी भडकलेच. पण तेवढ्यात रेडिओ वाजला. चकतीच्या वेळेआधी सात मिनिटं! पुढच्या आठवड्यात अकरा. ऋतुराज जन्मात कधी वेळेवर घरी आला नव्हता. मला भीतीच वाटली.

"एवढी घाई का करतोय रे हा?"

दादाने चकती खाली ठेवली. म्हणाला, "वर विरळ हवा असते. ती त्याला खाली आणते. खाली आला की फेरी लवकर संपते. मी हवा हिशेबात धरलीच नव्हती."

"विसरलास?"

"नाही."

"मग धर आता!" मी ओरडले. "किती दिवस फसवशील स्वतःला?"

त्याने धरली. नवी चकती केली. "चैत्री पौर्णिमेच्या आसपास पडेल," म्हणाला. पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी रेडिओ नुसताच खरखरला. चौथ्या दिवशीही. "बोलव गुरुजींना," दादा म्हणाला.

तिथी टळलेली, तरी श्राद्ध नीट पार पडलं. गुरुजी गेल्यावर दादा चकत्या सुतळीने बांधून रद्दीत टाकायला निघाला. का कोण जाणे, मी त्यातली जुनी ओढून काढली.

"हिच्याप्रमाणे आज किती वाजता?"

"वेडी आहेस का? ही चुकीची आहे. हवा नाही हिच्यात."

"माहितेय रे मला. सांग ना, दादा."

त्याने चकती फिरवली. "चार सदतीस."

चार सदतीसला मी पंखा बंद केला आणि दार उघडलं.