मामाजींची तालीम आणि आत्याबाईंचे पाय

माझे सासरे साठीला आले तेव्हा त्यांना पहिलवान व्हायची हौस आली. त्याआधी कापसाने त्यांना श्रीमंत केलं होतं, आणि श्रीमंत माणसाला ‘हे तुम्हाला जमणार नाही’ असं सांगायला कुणी धजत नाही.

आमचं मूळ घर तेल्हाऱ्याकडचं, काळ्या जमिनीचं. सासरे अमरावतीत येऊन कापसाची अडत करू लागले, तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, इंग्रजांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इकडे जो तो शेठ झाला. कालपर्यंत पायी बाजाराला जाणारी माणसं आता पलीकडच्या गल्लीत जायलाही बैलांची दमणी जुंपायला सांगत. आमचे मामाजी त्यांतलेच. सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. त्यांचं चालणं सुटलं, मग पोट सुटलं, मग दोन पायऱ्या चढल्या की धाप लागू लागली. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे तालीम.

परसातला गोठा पाडून ती बांधली. आमच्या वऱ्हाडची काळी माती अंगाला चिकटते म्हणून तांबडी माती लांबून गाड्या भरभरून आणवली. तिच्यात तेल ओतलं, ताक ओतलं, हळद कालवली. घरातल्या गड्यांना भाकरीवर तेल मिळत नव्हतं, ते मातीला मिळालं. मुद्गल आले, मल्लखांब उभा राहिला आणि हैदराबादेकडचा एक वस्तादही येऊन राहिला. सकाळी मामाजी लंगोट लावून गादीवर बसत आणि वस्ताद त्यांच्यासमोर जोर काढी. वस्तादाला घाम आला की मामाजी बदामाचं दूध पीत. मग मालीश, मग आंघोळ, मग झोप. येणाऱ्याजाणाऱ्याला दंड फुगवून दाखवत म्हणत, “पाहा, मेहनत करून राहिलो.” आणि येणारेजाणारे, ज्यांचा माल त्यांच्या हातून विकला जायचा, ते मान डोलावत.

त्याच सुमारास आत्याबाई पडल्या. आत्याबाई म्हणजे मामाजींची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. सासूबाई गेल्यापासून घर त्यांच्याच अंगावर. ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि गुडघा मुरगळला. हाड शाबूत होतं. वैद्यांनी लेप लावला आणि सूज उतरेपर्यंत पडून राहायला सांगितलं. मामाजींनी त्यातलं पडून राहायला तेवढं ऐकलं. सूज उतरली तरी बाज उठेना. एक बाई चाकरीला ठेवली, तोंड धुवायला तांब्यासुद्धा बाजेशी.

“मले उठू दे रे,” आत्याबाई म्हणायच्या. “पाय आखडून राहिले.”

“काहून उठतं बाई तू? तुले काय कमी हाय? आता तुयं वय झालं. लोकं काय म्हणतीन, म्हाताऱ्या बहिणीले राबवतो?”

त्यांच्यात दोन-तीन वर्षांचं अंतर असेल नसेल. पण ते पहिलवान, आणि त्या म्हाताऱ्या. शेजारच्या बायका येऊन बसायच्या आणि कौतुकाने म्हणायच्या, “नशीबवान हो तुमी. असा भाऊ कोणाले भेटते!” त्या गेल्यावर आत्याबाई लुगडं वर करून मला पाय दाखवायच्या. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांसारखे झाले होते. एकदा त्यांना उभं करायला मी हात दिला, तर त्या उभ्या राहीपर्यंत माझा हात लाकडासारखा झाला आणि त्या लगेच खाली बसल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, “हा मले जितेपणीच तिरडीवर ठेवून राहिला.”

दुपारी मामाजी घोरत असायचे आणि चाकरीची बाईही लवंडायची. तेवढ्या वेळात आत्याबाईंनी परसात न्यायला सांगितलं. भिंतीला धरत, माझ्या खांद्यावर भार टाकत त्या तालमीच्या दाराशी पोचल्या. तालमीत मल्लखांब होता, धरायला तोच बरा. मग रोज त्याला मिठी मारून त्या उठायच्या, बसायच्या, पुन्हा उठायच्या. खाली पडल्या तरी मऊ माती. इतक्या खर्चाच्या त्या मातीचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

एके दिवशी कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज आला. दुपारी माती उकरायचं काम सोडून वस्ताद तिथे घोंगडी पसरून निजलेला. मी पदर ओढून भिंतीकडे तोंड केलं. आत्याबाई खांब धरून तशाच उभ्या राहिल्या.

“तू मालकाले सांगशील?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही सांगाल का, मी कुठं झोपतो ते?” तो म्हणाला.

असा त्यांचा करार झाला. त्यानंतर काही दिवस तो नुसता पडून बघत असे. मग त्याला राहवेना. “बाई, हातानं ओढू नका, मांडीत जोर येऊ द्या,” असं पडल्यापडल्या सांगू लागला. मग उठून बसून सांगू लागला. आणि शेवटी चेल्यावर ओरडावं तसा ओरडू लागला. आत्याबाई त्याला उलट शिव्या द्यायच्या आणि तो म्हणेल तसं करायच्या. बदाम खाऊन मामाजींची खुशामत करणाऱ्या त्या माणसाला आपली विद्या पुन्हा आठवली, ती अशी. हिवाळा सरेपर्यंत आत्याबाई काठी घेऊन परसाला वळसा घालू लागल्या. घरात मात्र बाजेवरच.

मग मामाजींना आपली ताकद चारचौघांना दाखवायची लहर आली. अकोल्याचे व्यापारी जेवायला बोलावले. जेवणाआधी मामाजी दगडी नाल उचलणार होते. नाल म्हणजे मधे मूठ कोरलेला जड दगड. वस्तादाने त्यांच्यासाठी हलका नाल आणून ठेवला होता, बाहेरून दिसायला मोठा, आतून पोखरलेला. पण पाहुण्यांतल्या एकाने हसत हसत दुसऱ्या, खऱ्या नालाकडे बोट केलं. मामाजींना नाही म्हणवेना. आम्ही बायका दाराआड होतो. ते वाकले, नाल जागचा हलला आणि मामाजी तसेच वाकलेले राहिले. कमरेत उसण भरली. गड्यांनी त्यांना तशाच वाकड्या अवस्थेत उचलून आत नेलं. पाहुणे मात्र ताटावर जाऊन बसले, पुरणपोळी गरम होती.

आरडाओरडा ऐकून आत्याबाई बाजेवरून उतरल्या आणि काठी टेकत सर्वांच्या देखत माजघर ओलांडून भावाकडे गेल्या.

मामाजी कण्हायचं थांबले. “बाई, तुले कोणी उठवलं?”

“म्याच उठली. तू बी दोन दिसांनी उठजो. पडून राहू नको. मी पडून पायलं, काई खरं नाई त्यात.”

मामाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

वैद्यांनी त्यांनाही थोडे दिवस पडून राहायला सांगितलं, आणि त्यांनीही तेवढंच ऐकलं. उसण उतरली, पण मामाजींना बाज आवडली. तांब्या हाताशी, पाय चेपायला गडी, भेटायला येणारे हळहळणारे लोक. पहिलवानकीत जी वाहवा मिळत होती ती निजूनही मिळत होती. आत्याबाई रोज त्यांच्याशी भांडायच्या, बसतं करू बघायच्या. ते ओरडायचे की हिला माझं सुख पाहवत नाही. पुढे अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, दमणी विकली, वस्ताद निघून गेला. जाताना तो आत्याबाईंच्या पाया पडला. मामाजींच्या खोलीत गेला नाही. तालमीत सरकी भरली. मामाजी शेवटपर्यंत अंथरुणातच राहिले. पाठीला जखमा झाल्या, त्या आत्याबाईंनीच धुतल्या, आणि एका उन्हाळ्यात ते गेले. शेजारणी म्हणाल्या, तालमीची मेहनत बाधली. मेहनत!

बडनेऱ्याला आगगाडी आली तेव्हा आत्याबाईंनी ती पायी जाऊन पाहायचा हट्ट धरला. मी सोबत होते. मागून येणारे छकडेवाले थांबून विचारायचे, “काहून हो, गाडी नाई भेटली?” त्या काठी उगारून त्यांना पुढे जायला सांगत. वाटेत बाभळीखाली बसून आम्ही ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. आगगाडी यायला उशीर होता. तोवर त्या रुळांकडे बघत उभ्या राहिल्या. बसायला कुणी जागा देऊ केली तर “मी बाजेवर लय दिवस काढले” म्हणाल्या.