पाहुण्याला पाठ नाही

थोरलीला सरळ चालता येत नव्हतं असं मुळीच नाही. पाण्याला ती सरळ जायची. भांडायला तर सरळच जायची, तेही धावत. पण शेतात पाऊल पडलं रे पडलं, की बाई वळायची आणि मागे मागे सरकायला लागायची. वय साठीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, तरी उभ्या पिकातून उलट्या पावलांनी अशी जायची की मागेही दोन डोळे असावेत. चाळीस वर्षांत स्वतःच्या बांधाला तिने कधी ठेच खाल्ली नव्हती, आणि हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला, न विचारता, सांगायची.

त्या डोंगरावरच्या गावात सगळेच असे चालायचे. खालच्या वस्तीतली माणसं पोरांना भीती घालायची, की वर जाऊ नका, वर पाय उलटे असलेली माणसं राहतात. वरच्यांना याचा राग येण्याऐवजी सोयच वाटायची. तेवढीच आगंतुकांची ये-जा कमी.

कारण साधं होतं, अफू. बोंड भरलं की दुपारी त्याला चीर द्यायची. त्यासाठी तीन पात्यांची बोटभर सुरी असते, ती अंगठ्याने दाबून वरून खाली ओढायची. लगेच पांढरा चीक पाझरतो. आता माणूस पुढे चालत गेला, तर चिरलेली बोंडं त्याच्या कपड्यांना घासणार आणि वर्षाची मेहनत त्याच्या पोटावर वाळणार. म्हणून चिरलेलं समोर ठेवायचं आणि आपण मागे सरायचं. सकाळी येऊन घट्ट झालेला चीक खरवडायचा. हे गावात कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. पोरं आईच्या पोटाला बांधलेली असल्यापासून जग मागे मागे जातानाच बघत आली होती.

अफूच का, असं शहरातला एखादा शहाणा विचारायचा. गावाला रस्ता नव्हता. थोरलीच्या नवऱ्याने, तो होता तेव्हा, एकदा हौसेने टोमॅटो लावले होते. खेचरावर लादून दोन दिवस घाट उतरला, आणि बाजारात पोचेपर्यंत टोमॅटो खेचराच्या पायांवरून वाहून गेले होते. अफूचं तसं नव्हतं. वर्षाचं पीक एका थैलीत मावायचं, नासायचं नाही, आणि गिऱ्हाईक आपल्या पायांनी दारात यायचं. हे गिऱ्हाईक म्हणजे गोडबोल्या. बोलणं असं, की ऐकणाऱ्याच्या तोंडाला मुंग्या लागाव्यात. "मावशी, हे सगळं सातासमुद्रापलीकडे औषधाला जातं बरं. आजाऱ्यांचा आशीर्वाद लागतो तुम्हाला."

आशीर्वाद सोडून बाकी सगळं लागलं. कधी सरकारी शिपाई यायचे आणि काठ्यांनी उभं पीक झोडपून जायचे. ते गेले की दुसरे बंदूकवाले यायचे आणि पीक आडवं कसं झालं म्हणून दरडावायचे. दोघांनाही जाब हवा असायचा तो थोरलीकडूनच, जणू शिपायांना तिनेच चिठ्ठी पाठवून बोलावलं होतं. चांगला माल डोंगर उतरून जायचा. मागे राहायची ती भांड्याच्या बुडाची खरवड, आणि ती ओढत बसलेली गावातली तरणीताठी पोरं. त्यांत थोरलीचा एकुलता एक मुलगाही होता.

एरवी कशालाही न घाबरणारी थोरली इथे मात्र मान खाली घालायची. तान्हा असताना तो फार रडायचा. पीक तर वाट बघत नाही. मग ती इतर बायांसारखीच नखावर एवढासा चीक घ्यायची, त्याच्या जिभेवर लावायची आणि त्याला बांधावर निजवून कामाला लागायची. पोर गुणी, दिवसभर झोपतं, असं कौतुकही करायची. पुढे तो पंचविशीत हाडांचा सापळा झाला, आणि व्यसन लागलं कसं म्हणून सगळे हळहळले, तेव्हा ती एकटी गप्प होती. लागलं कसं ते तिला ठाऊक होतं.

मग एके दिवशी तिने त्याला खेचरावर बांधून शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकलं. दहा महिन्यांनी तिथल्या डॉक्टरणीने निरोप धाडला, की मुलगा बरा आहे, पण घरी सोडणार नाही. डोंगरातली चार पोरं सोडली होती, त्यातली तिघं महिन्याभरात पुन्हा व्यसनात अडकून केंद्रात परतली. आता केंद्राचा नियमच होता, गावाला तपासणी होऊन अफूमुक्तीचा दाखला मिळाला तरच घरी पाठवणी, नाहीतर शहरातच कुठेतरी मजुरीला लावू.

थोरलीने तो निरोप दोनदा वाचून घेतला आणि गावाच्या मागे लागली. ती कशी मागे लागते, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच विचारावं. रडली, रुसली, टोमणे मारले, एकाच्या दारात तर जेवायला बसली आणि हो म्हणेपर्यंत उठलीच नाही. पहिलं आपलं पीक उपटलं. मग जावेने उपटलं, तेही अर्ध्या तासाच्या शिव्यांनंतर. इतर घरांतही खरवड ओढणारी पोरं होतीच. पाहता पाहता सगळ्या गावाने घेवडा लावला.

गोडबोल्या आला आणि हिरवेगार वेल पाहून त्याच्या बोलण्यातली साखर संपली.

"मावशी, हे घेणार कोण?"

"तू घे की! सातासमुद्रापलीकडे औषधाला पाठव."

"माझ्या वरचे बंदूकवाले रागावतील हं."

"जेवायला बोलव त्यांना. घेवडाच आहे."

पुढचे आठ दिवस गावात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पण कुणी आलं नाही, कारण गोडबोल्याने सोपी वाट धरली होती. तो पलीकडच्या डोंगरात गेला, आणि तिथे त्या वर्षी दुप्पट अफू उभी राहिली. हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फारच गोड होईल.

मग एका सकाळी तपासणी साहेब आले. जीप नदीकाठी सोडून चार तास चढून आल्यामुळे त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि सगळं पाणी शर्टावर आलं होतं. मागे कागदपत्रांची पेटी खांद्यावर घेतलेला ड्रायव्हर. साहेब मात्र कामाचे पक्के निघाले. एकूण एक शेत तुडवलं, घरांच्या मागचे कोपरे बघितले, घेवड्याच्या शेंगा मोडून आत घेवडाच आहे ना याची खात्री केली. अफूचं झाड सोडाच, खसखशीचा दाणा सापडला नाही. शिक्क्याची डबी उघडली. थोरलीने श्वास घेतला तो डॉक्टरणीचा निरोप आल्यापासूनचा पहिलाच असावा.

"छान," साहेब म्हणाले. "आता जरा काम करताना दाखवा. अहवालात लिहायला बरं पडतं."

तेरा बाया शेतात उतरल्या. तेरा बायांनी वेलांकडे तोंड केलं, शेंगा खुडायला घेतल्या, आणि तेराच्या तेरा बाया मागे मागे सरकायला लागल्या. थोरली सगळ्यांत पुढे, म्हणजे सगळ्यांत मागे. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. चालणं कुणाच्या लक्षात येतं का?

साहेबांच्या आलं. "थांबा," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्या मागे का चालताय?"

जावेच्या हातातली टोपली पडली. साहेब कपाळ चोळत होते. "हे मी कुठेतरी वाचलंय. प्रशिक्षणात होतं. मागे चालण्याबद्दल काहीतरी होतं खास."

खरं सांगावं, तर खरं असं होतं की पाय जुनेच आहेत, पीक नवीन आहे. पण साहेबांच्या कागदावर पायांसाठी रकाना नव्हता. तिथे फक्त आहे आणि नाही एवढंच होतं. डबीतला शिक्का थोरलीला दिसत होता, आणि त्या शिक्क्यापलीकडे शहरातल्या कुठल्यातरी बांधकामावर विटा वाहणारा तिचा मुलगा.

"रीत आहे साहेब," ती म्हणाली. "पाहुणा गावात असला की आम्ही त्याला पाठ दाखवत नाही."

"शेतातसुद्धा?"

"शेतात तर जास्तच. पाहुणा तिथे उभा ना!"

साहेबांचा चेहरा अर्धा खुलला आणि अर्धा तसाच राहिला. ते ड्रायव्हरकडे वळले. "काय रे, तूही डोंगरातलाच ना? तुमच्याकडे असतं असं?"

थोरलीने ड्रायव्हरकडे प्रथमच नीट पाहिलं. पेटीवर टेकलेल्या त्याच्या उजव्या अंगठ्यावर तीन बारीक, समांतर, जुने वण होते. सुरी घसरली की असेच उमटतात. गावात प्रत्येकाला होते. म्हणजे याला सगळं कळलं होतं, पहिल्या पावलालाच. आता तिचा मुलगा या परक्या माणसाच्या जिभेवर होता.

ड्रायव्हरने तेरा बायांकडे पाहिलं, घेवड्याकडे पाहिलं.

"हो साहेब," तो म्हणाला. "आमच्याकडे तर पाहुणा नदीपार होईपर्यंत मागे चालतात. आमची आजी यातच पाय मोडून बसली."

साहेब विरघळले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना असा मान कुणी दिला नव्हता, आणि घरी तर नाहीच नाही. त्यांनी वहीत एक पान भरून लिहिलं. मग म्हणाले, असा मान नुसता घेऊन कसं चालेल, आपणही परत केला पाहिजे. असं म्हणून साहेब बायांकडे तोंड करून, हात जोडून, मोठ्या रुबाबात मागे निघाले, आणि सातव्या पावलाला खताच्या खड्ड्यात कमरेपर्यंत गेले.

दाखल्यावरच्या शिक्क्याला त्यामुळे वास आहे. पण शिक्का आहे.

साहेब हातपाय धूत होते तेव्हा थोरलीने ड्रायव्हरच्या रुमालात शेंगा ओतल्या. "कुठलं रे गाव तुझं?"

"आता नाहीये ते, मावशी. विमानातून औषध फवारलं. अफू मेली, मका मेला, विहीर बाटली. सगळे शहरात पांगले." त्याने एक शेंग मोडून तोंडात टाकली. "तुम्ही सरळ चालायला शिका. पुढचा साहेब पुस्तक नीट वाचून येईल."

त्याचं ऐकून बाया शिकायला बसल्या. महिनाभर गावात तोच तमाशा. एकमेकींच्या अंगावर आदळत होत्या, वेलांत गुंतत होत्या. जाऊ म्हणाली, पुढे बघून चाललं की मागचं राहिलेलं दिसत नाही, ही काय चालायची पद्धत आहे? थोरलीने तर चार पावलांच्या पुढे मजल मारली नाही.

मग मुलगा आला. नदीपासून वर येताना ती त्याला बघत राहिली. गाल भरले होते. शेताच्या तोंडाशी तो थांबला आणि पुढे येईना. त्याला काय दिसायची भीती वाटत होती, ते तिला कळलं.

"खरंच नाही?"

"बघ की. घेवडा आहे. खाऊन खाऊन कंटाळशील."

"तिकडे डॉक्टरीणच म्हणायची, तुझी आई असताना कसली अफू राहते," तो म्हणाला आणि हसला.

थोरली पुढे झाली, आणि अर्थातच उलटी. त्याच्याकडे तोंड करून वेलांमधून मागे मागे सरायला लागली. जिभेवर नखभर चीक लावून याच बांधावर निजवलं होतं त्याला, आणि पाठ फिरवून कामाला लागली होती. आता पाठ फिरवायची तिची छाती होत नव्हती. पाठ फिरवली आणि वळून पाहिलं तर तो नसला म्हणजे?

"थोरले, सरळ चाल!" जाऊ बांधावरून ओरडली. "महिनाभर काय शिकलीस?"

"पाहुणा आलाय," थोरली म्हणाली. डोळ्यांतलं पुसायलाही तिला त्याच्यावरून नजर काढायची नव्हती.

"मी पाहुणा नाही, आई," मुलगा म्हणाला. "वळ आता. पडशील. मी येतोय ना मागून."

ती थांबली. त्याच्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि वळली. आपल्या शेतातून थोरली त्या दिवशी पहिल्यांदा सरळ चालत घरी गेली. कान मागे लावून, त्याची पावलं मोजत. आणि घर येईपर्यंत स्वतःच्याच बांधाला तीनदा ठेचकाळली.