धोंडगे सरांचं चाक

स्टाफरूममधले किस्से न तपासलेल्या पेपरांसारखे असतात. एक गठ्ठा संपवावा, तर टेबलावर दुसरा हजर! लातूरच्या एका ज्युनियर कॉलेजात मी एकोणीस वर्षं फिजिक्स शिकवतोय, त्यामुळं माझ्याकडं गठ्ठे लई. सगळ्यात जाड गठ्ठा एकाच माणसाचा. भोकरचे धोंडगे सर. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आणि विषय माझाच!

*

ते रुजू झाले त्या पहिल्याच महिन्यात टॉपिक आला प्रिसेशन. म्हणजे भोवरा फिरताना त्याची मान हळूहळू गोल डोलते ना, ते. मी तीन फळे भरून गणित मांडलं. मागच्या बाकावर जांभया.

शेजारच्या वर्गात धोंडग्यांनी सायकलचं चाक आसाच्या एका टोकानं दोरीला अडकवलं, गरागरा फिरवलं आणि दुसरं टोक सोडून दिलं. चाक पडलंच नाही! दोरीभोवती सावकाश घुमत राहिलं. टाळ्या भिंतीपलीकडं माझ्या वर्गात ऐकू आल्या.

एका मुलीनं विचारलं, "सर, आपल्याकडं चाक कधी?"

"परीक्षेत चाक येत नसतंय!" मी म्हणालो.

*

तरी पुढच्या सोमवारी मी चाक आणलंच. दोरी बांधली, फिरवलं, सोडलं. थेट अंगठ्यावर!

धोंडगे धावत आले. "सर, स्पीड कमी पडला."

मागून आवाज आला, "चाकाचा न्हाई, सरांचा!"

*

एकदा प्राचार्य मॅडमसमोर मी धोंडग्यांना मुद्दाम छेडलं. "ध्रुवतारा बदलतो म्हणून सांगून राहिलात म्हणे पोरांना?"

"हाव सर. पृथ्वीचा आस बी भोवऱ्यावानी डोलतोय. बारा हजार वर्षांनी ध्रुवाची जागा अभिजित तारा घेईल."

मॅडमनी फाइलीतून मान वर केली. "मग सीनियरांनी जपूनच राहावं!"

सगळे हसले. मीपण हसलो. जबडा दुखेपर्यंत.

*

घरी तर कहर झाला. माझ्या अकरावीतल्या मुलीनं बॅच बदलून घेतली, धोंडग्यांची!

"का गं?"

"बाबा, तुमचं घरी बी ऐकतेच की!"

दोन दिवस मी धोंडग्यांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तेच काळजीनं म्हणाले, "सर, बीपी वाढलं का?"

*

आणि हा शेवटचा. किनवटच्या वसतिगृहातून आलेली सुमन, जन्मापासून दृष्टी नाही. आधी माझ्या बॅचला होती. मी तिला सांगितलं होतं, "प्रिसेशन आकृतीचं काम आहे, तू सोडून दे." एका दुपारी लॅबच्या खिडकीतून पाहिलं, तर ती फिरत्या खुर्चीवर बसलेली, हातात गरगर फिरणारं चाक.

"सर, मी खाली दाबून राहिले, तर हे बाजूला पळून राहिलंय!"

"तेच प्रिसेशन," धोंडगे म्हणाले.

तिनं चाक पुन्हा तिरपं केलं. खुर्ची फिरली. ती खदखदून हसली. मग म्हणाली, "हे सोडून दे म्हणले होते ना!"

"कोण म्हणलं?"

तिनं चाक उलट्या बाजूला कलवलं.

धोंडग्यांची नजर खिडकीकडं आली. "सर, आत या की. खुर्ची लई हलून राहिली, जरा धरता का?"

मी आत गेलो आणि खुर्ची धरली.