कंडेन्सरमामा आणि तिसरी पिन

प्रज्ञाचे ओठ माइकला लागले, डावा हात पियानोच्या लोखंडी पट्टीवर होता, आणि माझी नात जागच्या जागी ताठ झाली. ओरडलीसुद्धा नाही. डोळे उघडे, तोंड उघडं, बोटं वळलेली. मी फरशी पुसून ओलं फडकं हातात घेऊन दारात उभी. खोलीत तिसरा माणूस एकच, कंडेन्सरमामा. आणि प्रज्ञा ज्या पियानोला चिकटली होती तो त्यानंच तासाभरापूर्वी दुरुस्त केला होता.

हा माणूस अहमदपुरात तीस वर्षं गाण्याबजावण्याची मशीनं दुरुस्त करत होता. माझ्या मालकांची भीमगीतांची पार्टी होती. नांदेडचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा त्यांनी तिथला जुना इलेक्ट्रिक पियानो उचलून आणला. चार माणसं लागली उचलायला. आत हातोड्या, पोलादी पट्ट्या, आणि पोटात एक अँप्लिफायर. तो अँप्लिफायर दर दोन महिन्यांनी बसायचा, आणि मग मामा आमच्या घरी बसायचा.

कंडेन्सर म्हणजे मशीनमधली वीज साठवायची डबी, एवढं मला ऐकून ऐकून कळलं. मामाला त्याच्या पलीकडं फार कळत होतं असं मला कधी वाटलं नाही. काही बिघडलं की म्हणायचा, "कंडेन्सर गेलं." मशीन बंद, कंडेन्सर गेलं. पंखा बंद, कंडेन्सर गेलं. मालक वारले तेव्हा दारात येऊन टोपी काढून म्हणाला, "वैनी, माणसाचंबी कंडेन्सर असतंय. गेलं." मी म्हणाले, "गप बस. बस आन् चहा घे." रडणाऱ्या बायका हसायला लागल्या. तेवढा एक उपयोग झाला.

त्याच्याकडं मीटर होता. लाल कापडात गुंडाळून पिशवीत असायचा. ते कापड सुटलेलं मी पाहिलं नाही. झाकण काढलं की हा नाक आत घालायचा. "वास सांगतोय, वैनी. मीटर खोटं बोलतंय." मग बोट ओलं करून तारेला लावायचा, झटका बसला की दात काढायचा. याला तो अनुभव म्हणायचा. मी मूर्खपणा म्हणायचे, त्याच्या तोंडावर.

झाकण उघडल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं. "कोन्या गाढवानं हात लावला व्हता याला?"

"तूच व्हतास. पोळ्याच्या आधी."

तो वाकून बघायचा, पुन्हा बघायचा. "मग घाईत आसंन."

एक गोष्ट मात्र मान्य करते, खोटं लिहायचं नाही म्हणून. त्याला कान होता. जळकोटच्या कार्यक्रमात मांडवाबाहेर चहा पिता पिता म्हणाला, "डावीकडून तिसरी काळी पट्टी बसून राहिलीय." उघडून पाहिलं तर त्याच पट्टीखाली कचऱ्याचा कण अडकला होता. असा कान माझ्या मालकांनाही नव्हता. पण त्या कानापायी त्याला घरघर सोसत नसे. गाणं चालू असताना मशीन जरा घुमलं तरी जेवण टाकून उठायचा.

घरघरीवर त्याचा इलाज एकच. प्लगची तिसरी पिन, जमिनीची, पकडीनं कापून टाकायची. लोकांनाही ते बरं वाटायचं, कारण जुन्या बोर्डांना दोनच भोकं. पिन कापली की आवाज खरंच साफ व्हायचा. मामा म्हणायचा, "तिसरी पिन शोभेला हाय, वैनी."

"शोभेला हाय तर सगळ्यात जाड का केली?"

"चौथी शिकल्यावर आसंच वाटतंय." स्वतः आठवी नापास.

त्या दिवशीही त्यानं तेच केलं. दुसऱ्या दिवशी भोकरला प्रज्ञाचा पहिला कार्यक्रम होता, पियानो घुमून राहिला होता. मामानं जुने कंडेन्सर बदलले, पिन कापली. एक कंडेन्सर मात्र ठेवला, जो एका बाजूनं थेट बोर्डाच्या विजेला आणि दुसऱ्या बाजूनं लोखंडाला जोडलेला असतो तो. "परदेशी माल हाय, मरत न्हाई." तोच मेला, आणि पियानोचं सगळं लोखंड जिवंत झालं. पिन असती तर वीज जमिनीत गेली असती, फ्यूज उडाला असता. माइकचं मशीन नवीन होतं, त्याची पिन कापायची राहिली होती. म्हणून विजेला प्रज्ञाच्या अंगातून वाट मिळाली. हे मला नंतर वायरमननं समोर बसवून समजावलं. चौथी शिकलेल्या बाईला एका दमात कळलं.

मी ओरडले, "बटन! आधी बटन!" शिकाऊ पोरसुद्धा आधी बटणाकडं धावलं असतं. तीस वर्षांचा कारागीर धावला पोरीकडं. तिची वेणी धरून त्यानं असा हिसका दिला की ती सुटून माझ्या अंगावर आली. त्याचा तोल गेला, आणि आधाराला त्यानं हात टाकला तो पियानोच्या त्याच लोखंडी पट्टीवर. पाय अनवाणी. फरशी ओली. ती मी पुसली होती, तेही लिहून ठेवते.

मी प्रज्ञाला बाजूला ढकलून बटण बंद केलं. शेजाऱ्याच्या रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. तिथं काही करायचं उरलं नव्हतं.

शोकसभेत सगळे म्हणाले, मामानं पोरीसाठी जीव दिला. मलाही दोन शब्द बोलायला उठवलं. मी म्हणाले, "पोरीवर ती वेळ त्यानंच आणली व्हती." आणि खाली बसले.

घरी आल्यावर प्रज्ञा म्हणाली, "आज्जी, त्यानं मला ओढलं."

"हाव. ओढलं."

"मग आसं का बोललीस?"

"दोन्ही खरं हाय म्हणून."

ती जेवली नाही. मी जेवले. दुसऱ्या दिवशी लोखंडी कपाटाच्या दुकानातून जड सामान उचलणारी माणसं बोलावून पियानो बाहेर काढायला सांगितला, तर ती त्यांच्यासमोर आडवी उभी राहिली. शेवटी नवा प्लग आणला, तीन पिनांचा, आणि वायरमनकडून जोडून घेतला. आता थोडं घुमतं. घुमू दे.

त्या दिवशी खोलीत आम्ही तिघं होतो. प्रज्ञा वाचली. मी वाचले.